आधी तेल, मग विळी : कुयरी चिरण्याचे कोकणी शास्त्र

दापोली : शिमग्याची लगबग सुरू होते त्याच सुमारास दापोली तालुक्यातील परसदारी उभ्या असलेल्या फणसांच्या बुंध्यांना कुयऱ्या लगडलेल्या दिसू लागतात. कुयरी म्हणजे कोवळा फणस. आत गरा धरलेला नाही, आठळी घट्ट झालेली नाही, काटे मात्र दाट आणि टोकदार, असे हे हिरवे फळ. याच दिवसांत ओले काजूगरही मिळू लागतात आणि या दोहोंची एकत्र भाजी म्हणजे कोकणातील त्या हंगामाची खरी मेजवानी. पालखीसाठी मुंबईहून आलेला चाकरमानी परतताना एखादी कुयरी आठवणीने पिशवीत टाकतो. दापोलीहून एसटीने किंवा खेड स्थानकावरून रेल्वेने ती मुंबईला पोहोचते आणि तेथे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन दिवस तशीच पडून राहते. तिसऱ्या दिवशी तिची रवानगी इमारतीतील एखाद्या कोकणी आजींकडे होते. कारण एकच. ती चिरायची कशी, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

कुयरीच्या भाजीला फोडणी घालणे हे पाच मिनिटांचे काम आहे. खरी कसोटी लागते ती त्याआधी. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे केवळ पाहून पाहून आलेली ही रीत पाककृतींमध्ये बहुधा एका वाक्यात आटोपलेली असते. कुयरी साफ करून चिरून घ्यावी, एवढेच तेथे लिहिलेले असते. ज्याने हे काम आयुष्यात एकदाही केले आहे, त्याला या वाक्यातील गंमत लगेच कळेल.

शहरी वाचकाला ओळखीचे उदाहरण द्यायचे तर टोफूचे देता येईल. सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या या पनीरसदृश वड्या आता मुंबई-पुण्यातील मोठ्या दुकानांत सहज मिळतात. टोफूचीही शिजवण्यापूर्वी थोडी तयारी करावी लागते. वडी फडक्यात गुंडाळून वजनाखाली दाबायची, पाणी निथळू द्यायचे, मग चौकोनी तुकडे किंवा पातळ काप करायचे. पाणी गेले की मसाला आत मुरतो आणि तळताना तेल उडत नाही. संपली तयारी. मांसाला पर्याय म्हणून याच टोफूच्या शेजारी हल्ली कोवळ्या फणसाचे नाव घेतले जाते. परदेशातील दुकानांत त्याचे मिठाच्या पाण्यातले डबे मिळतात. आपल्याकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत फणसाची बिर्याणी मिळते. बंगालात तर कोवळ्या फणसाला 'गाछपाठा', म्हणजे झाडावरचा बोकड, असे गमतीने म्हणण्याची जुनी पद्धत आहे. चवीच्या आणि पोताच्या दृष्टीने ही तुलना मान्य करता येईल. पोषणाच्या दृष्टीने मात्र ती फसवी आहे. टोफूच्या १०० ग्रॅममध्ये, तो किती घट्ट आहे त्यानुसार, साधारण ८ ते १५ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कुयरीत ती अडीच ग्रॅमच्या आसपास. कुयरीची भाजी शिजवताना कोकणात काळे वाटाणे, पावटे, शेंगदाणे किंवा काजूगर घालतात. ती उणीव नकळत का होईना, अशी भरून निघते.

चिकाशी गाठ

कुयरी चिरण्यातली मुख्य अडचण म्हणजे चीक. फणसाच्या देठात, सालीत, मधल्या दांड्यात आणि गऱ्यांभोवतीच्या तंतूंत हा दुधासारखा पांढरा चीक भरलेला असतो. त्यात राळेसारखे आणि रबरासारखे पदार्थ असल्याने तो पाण्याला दाद देत नाही. हात धुवायला जावे तर तो बोटांना अधिकच घट्ट बसतो. हवा लागली की काही वेळात तपकिरी पडून लवचीक होतो. पूर्वी याच चिकाने पाखरे धरत आणि फुटकी भांडी सांधत. यावरून त्याच्या चिकटपणाची कल्पना यावी.

पाण्याने न हटणारा हा चीक तेलात मात्र सैल होतो. म्हणूनच पहिला नियम असा की हात आणि विळी आधी कोरडी करावी आणि मगच तेल लावावे. ओल्या हाताला तेल धरत नाही. तेल खोबऱ्याचे असो की शेंगदाण्याचे, फरक पडत नाही. विळीच्या पात्याला दोन्ही अंगांनी, पाटाला, आणि हाताला थेट मनगटापर्यंत ते चोपडावे. चिरता चिरता पाते पुन्हा चिकटू लागले की थांबून कोरड्या कागदाने पुसावे आणि पुन्हा तेल लावावे. हे थांबणे आळसाचे लक्षण मानू नये. चिकटलेल्या पात्याने रेटून चिरण्यातच हात कापतात.

झाडावरून उतरवलेली कुयरी लगेच चिरायला घेऊ नये, असेही जाणती माणसे सांगतात. देठ खाली करून ती काही तास, जमल्यास रात्रभर, ठेवली की बराचसा चीक आपोआप गळून जातो. चिरण्यास बसल्यावर आधी देठाकडची एक चकती उडवावी. तेथून जो चीक ओघळेल तो पाणी न लावता कागदाने किंवा जुन्या फडक्याने टिपावा. काहीजण काडीला चीक गुंडाळत नेतात आणि लांबलचक दोर निघावा तसा तो निघतो. खाली वर्तमानपत्र पसरण्याची पद्धत घरोघरी आहे (छापील अंकाचा हा उपयोग संकेतस्थळावरील आवृत्तीला साधणार नाही). मात्र छपाईची शाई पोटात जाणे चांगले नाही. म्हणून कागद विळीखालीच असावा आणि चिरलेल्या फोडी थेट पाण्याच्या भांड्यात जाव्यात.

काम झाल्यावर हात धुताना उलट क्रम लागतो. आधी पुन्हा तेल चोळायचे, कागदाने पुसायचे, मग डाळीचे पीठ किंवा साबण आणि अखेरीस पाणी. पूर्वी यासाठी सर्रास रॉकेल वापरत. खाण्याच्या वस्तूंजवळ ते नसलेलेच बरे.

उभे चिरावे की आडवे?

या प्रश्नावर घराघरांत मतभेद आहेत आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे बरोबर आहे. कुयरीची रचना पाहिली की त्याचे कारण समजते. फळाच्या मधोमध देठापासून टोकापर्यंत एक दांडा असतो. त्याच्यापासून सर्व बाजूंनी सालीकडे तंतू गेलेले असतात. पुढे याच तंतूंमध्ये गरे भरतात. कुयरी आडवी कापली की मध्ये दांडा, भोवती तंतूंचे वर्तुळ आणि कडेला काटेरी साल अशी चकती मिळते. चकती पाटावर सपाट बसते आणि कडेची साल फिरवत फिरवत उडवता येते. नवख्या माणसाने, विशेषतः सुरीने चिरणाऱ्याने, हाच मार्ग धरावा. कुयरी उभी चिरली तर कलिंगडाच्या फोडीसारखी फोड मिळते. तिच्या एका कडेला दांडा, दुसऱ्या कडेला साल. विळीवर बसणाऱ्याला दोन सरळ कापांत दोन्ही काढता येतात. फळ मोठे असेल तर ही रीत जलद पडते.

दांडा काढावा का, हे फळाच्या वयावर ठरते. सुरीचे टोक दांड्यात सहज शिरले तर तो खाण्याजोगा आहे. अडखळले तर तो काढावा, कारण तो शिजल्यावरही चोथ्यासारखा लागतो. रस्सा किंवा बिर्याणी करायची असेल तेव्हा मात्र कोवळ्या दांड्याचा थोडा भाग प्रत्येक फोडीला मुद्दाम राखावा. तंतूंना एकत्र धरून ठेवतो तो दांडाच. तो पूर्ण काढला की शिजताना फोडी विस्कटतात आणि रश्श्याचा लगदा होतो. उपाहारगृहांतील फणसाचे तुकडे अखंड राहतात, त्यामागचे इंगित बहुतेक वेळा एवढेच असते.

साल काढताना कंजुषी करू नये. काट्यांच्या खाली हिरवट आणि त्याच्या आत पांढरा, चिवट थर असतो. तोही जायला हवा. बाजारात कुयरी निवडताना यामुळेच सावध राहावे. वजनाचा मोठा हिस्सा सालीत जातो. काटे जवळजवळ आणि टोकदार असतील तर फळ कोवळे. काटे पसरट होऊन त्यांच्यात अंतर पडू लागले की आत गरे धरले असे समजावे. चिरल्यावर आठळीत नख सहज रुतले तर ती भाजीत तशीच राहू द्यावी.

चिरलेल्या फोडी उघड्या राहिल्या तर काही मिनिटांत काळवंडतात. वांगे किंवा कच्चे केळे चिरल्यावर होते तेच येथेही होते. फळातील विकरे आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने रंग बदलतो. आंबटपणाने ही क्रिया मंदावते. म्हणून फोडी ताक घातलेल्या, चिंचेच्या किंवा लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकतात. आमसुलाचे पाणीही चालते, पण त्याचा रंग फोडींना लागतो. पाण्यात चिमूटभर मीठ आणि हळद घालण्याची पद्धत आहे. फोडी पूर्ण बुडायला हव्यात. वर तरंगणाऱ्या फोडीची उघडी बाजू काळी पडतेच. अर्थात काळवंडलेली भाजी बिघडलेली नसते. ती फक्त ताटात शोभत नाही.

कोवळा फणस उकडला की चिकाचा चिकटपणा जातो, या गोष्टीचा फायदा घेणारी आणखी एक रीत आहे आणि सदनिकेतल्या ओट्यासाठी ती सर्वांत सोयीची वाटते. कुयरी धुऊन, पुसून, तेल लावलेल्या सुरीने तिचे सालीसकट चार-सहा मोठे तुकडे करायचे. मीठ-हळदीच्या पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या काढायच्या. निवल्यावर साल हाताने किंवा सुरीने सहज सुटते आणि बोटांना काही लागत नाही. यात दोन तोटे आहेत. थोडी चव पाण्यात उतरते आणि कुकरच्या आत पाण्याच्या पातळीला चिकाचे कडे बसते. त्यावर उपाय म्हणजे कुकरला आतून आधीच तेलाचा हात फिरवावा किंवा याकरिता एखादे जुने पातेले राखून ठेवावे. पारंपरिक पद्धतीचे अभिमानी या रीतीला नाके मुरडतात. पण चिकाच्या भीतीने कुयरी कचऱ्यात जाण्यापेक्षा ती सालीसकट कुकरात गेलेली केव्हाही चांगली.

दापोली-गुहागरकडच्या घरांत कुयरीची भाजी पुष्कळदा फोडींची नसतेच. वाफवलेल्या फोडी पाट्यावर वा खलात ठेचतात, म्हणजे तंतू सुटे होतात. मिक्सरमध्ये फिरवून हे साधत नाही. तेथे तंतू तुटतात आणि चटणी तयार होते. ठेचल्यानंतर दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढावे. टोफूच्या बाबतीत जे वजन करते ते येथे हात करतो. पाणी राहिले तर फोडणीतील मोहरी, हिंग आणि सुकी मिरची यांचा वास भाजीला लागत नाही आणि ओले खोबरे घातल्यावर ती पचपचीत होते. फणसाचे वडे किंवा कटलेट करणाऱ्यांनी तर हे पाणी अधिकच कसोशीने काढावे.

गरे आणि आठळ्या

एप्रिल सरता सरता कुयरीचे दिवस संपतात. फळात गरे भरतात, पण ते अजून पिकलेले नसतात. अशा कच्च्या गऱ्यांची भाजी होते आणि तळलेले गरेही. येथे चिरण्याचा सगळा भर सारखेपणावर असतो. गरा उभा फाडून आठळी आणि तिच्याभोवतीची पातळ पापडी काढायची आणि गऱ्याच्या एकसारख्या जाडीच्या पट्ट्या करायच्या. जाड-बारीक पट्ट्या एकाच घाण्यात पडल्या तर बारीक करपतात आणि जाड मऊ राहतात. तळत आल्यावर कढईत मिठाच्या पाण्याचा हबका मारला की मीठ सगळीकडे सारखे लागते. तेल उसळते, त्यामुळे मुले जवळ नसावीत. गोव्यापासून कारवार-मंगळूरपर्यंतच्या कोकणी घरांत कच्चे गरे मिठात मुरवून पावसाळ्यासाठी राखतात. वापरण्यापूर्वी ते पाण्यात ठेवून खारटपणा उतरवावा लागतो.

आठळी ही या फळातील सर्वांत दुर्लक्षित चीज. प्रथिनांचा विचार केला तर ती कुयरीपेक्षा सरस ठरते. १०० ग्रॅमला साडेसहा ग्रॅमच्या आसपास. तिचे बाहेरचे पांढरे, कागदासारखे आवरण काढायचे. आतली तपकिरी साल चिकटलेली राहिली तरी बिघडत नाही. आवरण ओले असताना हट्टीपणा करते. आठळ्या धुऊन दिवसभर वाळवल्या की ते ठिसूळ होऊन नखाने निघते. नाही तर बत्त्याचा हलका ठोका पुरतो. कच्ची आठळी मात्र खाऊ नये. तिच्यात पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते उकडल्याने किंवा भाजल्याने निष्प्रभ होतात. चुलीच्या निखाऱ्यात आठळ्या भाजायच्या असतील तर प्रत्येकीला चीर पाडावी. आत वाफ कोंडून त्या फुटतात. पावसाळ्यासाठी त्या वाळूत किंवा राखेत ठेवण्याची पद्धत कोकणात जुनी आहे.

हात आणि झाड

फणस चिरणाऱ्याला आणखी एका अनिश्चिततेला तोंड द्यावे लागते. कोकणातील बहुतेक फणस आठळीपासून, आपसूक उगवलेले आहेत. आंब्याच्या कलमांच्या बागा असतात तशा फणसाच्या बागा येथे फारशा नाहीत. १९९० साली सुरू झालेल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेतही कोकणात भर राहिला तो आंबा-काजूवर. आठळीपासून आलेले प्रत्येक झाड वेगळे. कोणाचा गरा घट्ट, तो कापा. कोणाचा मऊ आणि रसाळ, तो बरका. बाहेरून पाहून भेद कळत नाही. बरक्याचा रस सांदणाला आणि फणसपोळीला उत्तम, पण तळायला तो निरुपयोगी. घरच्या झाडाची जात घरच्यांना ठाऊक असते. बाजारातून फळ घेणाऱ्याला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. कुयरीच्या अवस्थेत हा प्रश्न उद्भवत नाही, हेही तिच्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

ज्ञात गुणांच्या झाडाचे कलम करणे हा यावरचा मार्ग. १८ मे १९७२ रोजी दापोलीत स्थापन झालेल्या आणि पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण प्रॉलिफिक' ही फणसाची जात प्रसारित केली आहे. केरळने मार्च २०१८ मध्ये फणसाला राज्यफळाचा दर्जा देऊन त्याच्या प्रक्रिया उद्योगाकडे लक्ष वेधले. कोकणात फणसाची झाडे पुष्कळ असूनही फळ मोठ्या प्रमाणात झाडाखाली कुजते, हे मे अखेरीस कोणत्याही गावातून फेरफटका मारला तरी दिसते. उंच झाडावरून फळ दोरीने सावकाश उतरवणारा माणूस मिळत नाही आणि उतरवलेले फळ फोडायला घरात दोन वृद्धांखेरीज कोणी नसते. मग त्या झाडाची किंमत लाकडाएवढी उरते. फणसाचे पिवळे लाकूड दारे-खिडक्यांना आणि वीणा-मृदंगासारख्या वाद्यांना चालते, त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण नसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवर नारळी-पोफळींबरोबर आंबा-फणसाची कित्येक जुनी झाडे आडवी झाली. आठळीपासून वाढवलेल्या नव्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षे सहज लागतात.

अशा स्थितीत चिरलेली कुयरी विकणे हा लहानसा, पण नेटका व्यवसाय ठरू शकतो. शहरातील ग्राहक फळापासून दूर राहतो तो चिकामुळे. सोललेल्या, फोडी केलेल्या कुयरीला तो नकार देत नाही. यातील कळीचा भाग टिकवण्याचा. कच्च्या फोडी तशाच थंड कपाटात ठेवल्या तर काळ्या पडतात आणि चिवट होतात. लिंबू घातलेल्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून, लगेच गार पाण्यात काढून, फडक्यावर कोरड्या करून मग पिशवीत भरून गोठवल्या तर त्या काही महिने चांगल्या राहतात. घरीही हे करता येते. गोठवलेल्या फोडी बाहेर काढून वितळू देण्याची गरज नाही. त्या थेट उकळत्या पाण्यात सोडाव्यात.

राहता राहिल्या साली आणि चारखंडे. गावात ती गुरांपुढे टाकतात आणि गुरे ती आवडीने खातात. शहरात ती ओल्या कचऱ्यात द्यावीत, पण त्याआधी कागदात गुंडाळावीत, नाही तर बादलीच्या तळाला चीक धरतो. विळी मात्र त्याच बैठकीत तेलाने पुसून ठेवावी. रात्रभर राहिलेला चीक सकाळी तेलालाही सहजासहजी सुटत नाही.